खो कुणी दिला?

प्रश्न पैशाचा होता, म्हणून तो लवकरच तत्त्वज्ञानात शिरला. कळंब तालुक्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि ती मुलींच्या खो-खोवर खर्च करायची असं ठरलं. रक्कम एकाच कामाला पुरेल एवढी, त्यामुळे दोन मतं पडली. एक मुलगी बाकीच्यांच्या फार पुढं आहे. तिला पुण्याला चांगल्या ठिकाणी ठेवावं, तिचा सगळा खर्च उचलावा, असं काहींचं म्हणणं. उरलेले म्हणत होते, मैदानावर दिवे लावा आणि तीस पोरींना बूट घ्या. निवृत्त क्रीडाशिक्षक असलेले सर दिव्यांच्या बाजूचे. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता लातूरला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, त्या एका मुलीच्या बाजूच्या. मी दोघांचाही स्नेही आणि वर्गणीदार, म्हणून सरांच्या ओसरीवर हजर होतो.

सुरुवात मॅडमनी केली. "सर, आपल्या खो-खोची सारिका काळे धाराशिवऐवजी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात जन्मली असती, तरी ती सारिकाच झाली असती."

"पायात वेग असता, हे कबूल. पण तो एस.टी. पकडायलाच कामी आला असता. मैदान कुठलं, स्पर्धा कुठल्या, शिकवणार कोण?"

"मैदानं बऱ्याच ठिकाणी आहेत, सर. ज्या मैदानावर ती घडली तिथं तिच्याबरोबर शेकडो पोरी पळाल्या. त्याच चुन्याच्या रेषा, तेच सर. मग अर्जुन पुरस्कार एकीलाच का? क्रिकेटमध्ये आचरेकर सरांच्या हाताखालून १९८८ साली दोन पोरं ६६४ धावांची भागीदारी करून बाहेर पडली. पुढं दोघांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गुरू एक, शाळा एक, आणि रस्ते किती वेगळे!"

"म्हणजे शंभर जणी घडवल्याचं श्रेय नाही, आणि एक चमकली तर तेही तिचंच. मास्तराच्या वाट्याला काय, खडू?"

मॅडम हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. त्यांचा भाऊ अमेरिकेत असतो. तिथल्या फुटबॉलमधला एक वाद तो दर दिवाळीच्या फोनवर ऐकवतो म्हणे. तिकडं क्वार्टरबॅक म्हणून एक खेळाडू असतो, जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. टॉम ब्रेडी हा असा खेळाडू आणि बिल बेलिचिक हा त्याचा प्रशिक्षक, दोघांनी मिळून वीस हंगामांत सहा विजेतेपदं घेतली. यश खेळाडूचं की प्रशिक्षकाच्या पद्धतीचं, यावर लोक भांडत राहिले. २०२० साली ब्रेडी संघ सोडून गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या संघाकडून सातवं विजेतेपद घेऊन मोकळा झाला. मागं राहिलेल्या बेलिचिकच्या संघाला त्यानंतर बाद फेरीतला एकही सामना जिंकता आला नाही, आणि २०२४ च्या जानेवारीत त्यालाही जावं लागलं.

"झाला की निकाल," मॅडम म्हणाल्या.

सरांनी तो खेळ कधी पाहिलेला नाही, पण प्रश्न नेमका विचारला. "नव्या संघात तो एकटाच गेला होता का? तिथं प्रशिक्षक नव्हता? बाकीचे गडी काय खांब होते?"

"प्रशिक्षक होता. एक जुना जोडीदारही त्याच्यामागं गेला होता."

"मग निकाल कसला? एका जमलेल्या घरातून उठून तो दुसऱ्या जमत आलेल्या घरात गेला, एवढंच. आणि मला सांग, प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू व्हावी असा नियमच आहे, त्याच्याकडं श्रेय जाणारच. त्यात त्याची कर्तबगारी किती आणि नियमाची किती?"

इथं सर आपल्या खेळाकडं वळले आणि मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं इथंच झालं. ते ओसरीवरून उठले आणि अंगणात काठीनं रेघ ओढली. खो-खोत पाठलाग करणारे नऊ. त्यातले आठ चौकटीत बसलेले, एक आड एक उलट्या तोंडानं. धावणारा एकच. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला माघारी वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. गडी पलीकडं गेला की कितीही चपळ असलास तरी तुझा उपयोग संपला, बसलेल्याला खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं.

"बघ, हा खेळ ज्यानं बांधला त्यानं शहाण्या गड्याचे पाय बांधून ठेवले. सगळ्यात वेगवान पोरगी मिनिटातला बराच वेळ बसलेली असते. म्हणून पाठलागात मला एक चांगली पोरगी आणि आठ ढिल्या नकोत. नऊ बऱ्या पोरी दे, सामना काढून देतो."

"आणि संरक्षणात?" मॅडमनी विचारलं. त्या स्वतः शाळेत चांगल्या पळायच्या, त्यामुळे कुठं बोट ठेवायचं ते त्यांना माहीत होतं.

सर थोडे थांबले. "संरक्षणात तिघी आत येतात. दोघी बाद झाल्या की उरलेली एकटी."

"नऊ जणींसमोर एकटी. तिला खो द्यायला कुणी नाही. बाहेरून तुम्ही ओरडता ते तिला ऐकू येत नाही, मला तर कधीच आलं नाही. चेझर सूर मारणार की हूल देणार, हे तिनं तिच्या खांद्यावरून ओळखायचं. ती तीन-साडेतीन मिनिटं टिकली तर सामना फिरतो. हे कुठल्या पद्धतीत बसतं, सर?"

"साखळी मीच शिकवली होती तुला. कितव्या चौकटीतून आत वळायचं, कुठं दोन गडी सोडायचे, सगळं पाठ करून घेतलं होतं."

"शिकवलीत. आणि ती कुठं मोडायची हे?"

"ते नाही शिकवता येत," सर म्हणाले, आणि मग अगदी मास्तरी हट्टानं पुढं म्हणाले, "पण साखळीच येत नसेल तर मोडणार काय?"

म्हणजे एकाच खेळाच्या एका पाळीत सरांचं म्हणणं खरं आणि दुसऱ्या पाळीत मॅडमचं. मी तसं बोलूनही दाखवलं. दोघांनाही ते आवडलं नाही. वादात मध्यस्थाला मान नसतो. मॅडम म्हणाल्या, की मग २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग निघाली तेव्हा 'वझीर' कशाला आणावा लागला? दोन्ही दिशांना पळू शकणारा, वळायची बंदी नसलेला गडी! सरांचं उत्तर तयार होतं. दूरदर्शनच्या पडद्याला चेहरा लागतो, नऊ जणांच्या पाठी दाखवून जाहिराती मिळत नाहीत. आधी नियमानं नायक तयार करायचा आणि मग म्हणायचं, बघा, नायकामुळे संघ जिंकतो. उत्तर थोडं तिरकस आहे, पण मला ते पटतं.

गंमत पुढं आहे. ज्या खेळाची बांधणी एकट्याला मोठं होऊ देत नाही, त्याच खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या पुरस्काराचं नाव एकलव्य. ज्याला प्रशिक्षक मिळाला नाही, मातीच्या मूर्तीपुढं जो शिकला आणि ज्याच्याकडून गुरूनं फक्त घेतलं, तो. मी हे काढलं तेव्हा सर म्हणाले, "ते नाव देणाऱ्यानं आम्हा मास्तरांना चिमटा काढलाय." मॅडम काहीच बोलल्या नाहीत, पण वहीत काहीतरी टिपलं.

चहा झाल्यावर सरांनी क्रिकेट काढलं. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले आणि कधीही रणजी करंडक न जिंकलेल्या विदर्भानं तो २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा जिंकला. मग ते मध्य प्रदेशकडं गेले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशनं अंतिम सामन्यात चक्क मुंबईला हरवलं. "खेळाडू वेगळे, राज्य वेगळं, माणूस तोच. आता बोल."

"बोलते. २०२४-२५ चा रणजी करंडक कुणी जिंकला? विदर्भानंच. तेव्हा पंडित तिथं होते का?"

"नव्हते."

"मग पंडितांचं श्रेय कमी झालं की वाढलं?"

सर बराच वेळ काठीशी खेळत राहिले. ज्यांचा विजय म्हणून त्यांनी दाखला दिला होता, त्यांच्या गैरहजेरीतही विजय झाला होता. मॅडमचा रोख आता बदलला होता, तो त्यांनाही कळला. आपण मघापासून प्रशिक्षक आणि व्यवस्था एकच धरून बोलतोय, त्या म्हणाल्या. प्रशिक्षक हाही शेवटी एक माणूसच, खेळाडूसारखाच चमकणारा. व्यवस्था म्हणजे तो उठून गेल्यावर जे चालू राहतं ते.

"मग धाराशिवला व्यवस्था आहे," सर लगेच म्हणाले. "सारिका २०१६ ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेत कर्णधार होती, सुवर्णपदक आणलं. २०२० ला अर्जुन मिळाला. खो-खोला २२ वर्षांनी. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. तिच्यावर संपलं का? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं, त्या संघात अश्विनी शिंदे होती, ती धाराशिवचीच. मधल्या काळात, २०२२ च्या नोव्हेंबरात, राष्ट्रीय स्पर्धा इथं भरली. एकीमागं एक. हा योगायोग नव्हे."

"योगायोग नाही, मान्य. पण सर, तुम्ही आलेल्याच मोजताय. गेलेल्या कोण मोजणार?"

"कुठं गेलेल्या?"

"दसरा झाला की कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्याकडं निघतात, तेव्हा त्यांच्यामागं गेलेल्या. दहावीच्या आतच लग्न लागलेल्या. भाऊ शिकतोय म्हणून घरी बसवलेल्या. त्यांच्यातली एखादी सारिकापेक्षा वेगवान नव्हती, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल? व्यवस्था जिंकलेल्यांच्या यादीवरून मापायची असेल तर कुठलीही व्यवस्था चांगलीच दिसेल. मी पोरांना पहिल्या वर्षाला हेच शिकवते. जे हाताशी आलं तेवढ्यावर अनुमान काढू नका."

दिवाळीनंतर मैदान निम्मं होतं, हे सरांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा ते जसं सांगतात तसं सांगितलं होतं, पावसाविषयी बोलावं तसं. आता त्यांनी ते मॅडमना सांगितलं नाही.

त्याऐवजी त्यांनी सारिकाचीच गोष्ट काढली, पण दुसऱ्या टोकानं. जवळजवळ दहा वर्षं एक वेळच्या जेवणावर ती खेळली, हे तिनंच सांगितलेलं आहे. २०१६ साली घरच्या ओढाताणीनं ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून खोलीत कोंडून घेतलं. आजीनं ते प्रशिक्षक चंद्रजित जाधवांच्या कानावर घातलं. त्यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली.

"ती व्यवस्था होती का एक चांगला माणूस?" मॅडमनी विचारलं. "जाधव सर त्या दिवशी परगावी असते तर?"

"मला तिथं सर दिसत नाहीत, आजी दिसते. खेळाचा एक नियम माहीत नसेल तिला. पण नात खोलीत बसली तर कुणाला सांगायचं, हे तिला ठाऊक होतं. किती घरांत ठाऊक असतं? ते एका दिवसात होत नाही. वर्षानुवर्षं कुणीतरी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गेलेलं असतं."

हे ऐकून मॅडम पहिल्यांदा गप्प झाल्या. माझा कल तोपर्यंत त्यांच्याकडं होता, तो इथं थोडा हलला. पूर्ण नाही. कारण खोलीतून बाहेर यायचं की नाही हे शेवटी सारिकानंच ठरवलं. तेवढी पावलं तिच्यासाठी दुसरं कुणी टाकू शकत नव्हतं. संरक्षणातली एकटी पोरगी ती हीच. पण दाराबाहेर कुणी नसतं तर बाहेर येऊन ती गेली कुठं असती, हाही प्रश्न उरतोच.

"बरं, मग पैशाचं काय?" मी विचारलं. वर्गणीदाराला तत्त्वज्ञानाचा शेवट आकड्यात लागतो.

"पुणं नको," मॅडम म्हणाल्या. सर चमकले. "दिवेही नकोत. मैदान निम्मं होणार असेल तर उजेड कुणावर पाडायचा? दसऱ्यापासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ज्या पोरी गावात एकट्या किंवा आजीजवळ राहतात, त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करा. ज्या आईबापांबरोबर जाणार असतील, त्यांच्या घरी आधी जाऊन बोला. सरकारी हंगामी वसतिगृह चालू असेल तर त्याला जोडून घ्या, नसेल तर मागं लागा."

"आणि ती पुढची पोरगी?"

"तीही त्याच पंगतीत जेवेल. तिचे आईबापही कारखान्याला जातात. मी विचारून आलेय."

सरांनी मान डोलावली, पण अडचण सांगितलीच. जेवणाला चषक मिळत नाही. पाच वर्षांनी देणगीदार विचारतील, आमच्या पैशातून किती राज्य खेळाडू झाल्या? शून्य निघाल्या तर?

"तर वही दाखवा. दसऱ्याला किती होत्या, होळीला किती राहिल्या. गेलेल्यांची नावं वेगळ्या पानावर, कारणासकट."

"वही कोण ठेवणार? मला आता बारीक अक्षर दिसत नाही."

"मी शनिवारी येते, सर."

"येताना बूट घालून ये," सर म्हणाले. "वही लिहून झाल्यावर पोरींना साखळी कुठं मोडायची ते दाखव. ते मला शिकवता येत नाही असं मघाशी कबूल करवून घेतलंस ना!"