प्याल्याआधी मळा



आजपासून सलग तीन रविवार आपण द्राक्षमळ्यातच आहोत. आजच्या शुभवर्तमानातला मळेवाला पहाटेपासून मजूर शोधत बाजारात फिरतो. पुढच्या रविवारी एक बाप आपल्या दोन मुलांना मळ्यात कामाला जायला सांगतो. तिसऱ्या रविवारी मळा खंडाने घेतलेली कुळे मालकाच्या मुलाचाच जीव घेतात. उपासनेच्या ‘अ’ वर्षात संत मत्तयची ही तीन वाचने अशी ओळीने येतात.

योगायोग असा, की आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे जानेवारीअखेर नाशिकला एक दिवसाची सहल काढायच्या विचारात आहेत. बसने कसारा घाट चढायचा, मार्गदर्शकाबरोबर द्राक्षमळ्यातून पायी फिरायचे, वाइन कशी तयार होते ते पाहायचे आणि शेवटी चार-पाच प्रकारच्या वाइनची चव घ्यायची, असा बेत आहे. काही जणांनी विचारले, “फादर, यात पाप तर नाही ना?” नाही, पाप नाही. परंतु एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही, तुमचेही होऊ नये. म्हणून हा सहलीचा दिवस आपण आजच, मनाने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालून पाहू या.

नाशिकची द्राक्षे आपण लहानपणापासून खात आलो, पण वाइनची द्राक्षे तिथे अलीकडची. आधी 1980च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला वाइनचा कारखाना उभा राहिला. नाशिकजवळ सावरगावला, गंगापूर धरणाच्या परिसरात, 1990च्या दशकाच्या अखेरीस वाइनसाठी वेली लागल्या. 2001मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि त्या जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. आज त्यातले कित्येक पाहुण्यांना मळा व कारखाना हिंडून दाखवतात.

सकाळी प्रथम मळा. शेनिन ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने अशी नावे लिहिलेल्या पाट्या आणि तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी. इथला मणी खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम, त्यामुळे घड लगडलेले दिसतील. पण वाडीत राबलेल्या माणसाने घडाकडे पाहून थांबू नये, काडीकडे पाहावे. युरोपातील वेल कडक थंडीत पाने गाळून झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून इथे वेलीवर वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. संत योहानच्या पंधराव्या अध्यायात प्रभू सांगतो, की पिता फळ न देणारा फाटा काढून टाकतो आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही छाटतो. पहिली गोष्ट आपल्याला पटते. दुसरी मात्र आपल्यावर आली, की आपण कुरकुरतो.

मळ्यातली आणखी एक गोष्ट ऐकून ठेवण्यासारखी आहे. फेब्रुवारीत हाती येणारा घड ठरतो केव्हा? गोडी छाटणीच्या वेळी नव्हे. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, मे-जूनच्या सुमारास, काडीवरच्या डोळ्याच्या आत तो ठरलेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत ऊन, पाणी, खत यांत कसूर झाली, तर ऑक्टोबरमध्ये कितीही काळजी घेतली तरी नसलेला घड येत नाही. बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही असेच नाही का? मुलगा पंचविशीत पिऊ लागला, की आपण घाबरून फादरकडे धावतो. परंतु तो सात-आठ वर्षांचा असताना, बारशाला, साखरपुड्याला, लग्नाच्या मांडवात, त्याच्या डोळ्यांत काय भरले? बाटलीशिवाय पाहुणचार नाही, हे त्याला कोणी शिकवले? सर्व दोष आईवडिलांचा असे मी म्हणत नाही. चांगल्या मशागतीच्या वेलीवरही भुरी येते. पण डोळ्यात घड धरतो ते महिने आपल्या हातातले असतात, एवढे खरे.

मळ्यातून फिरताना मार्गदर्शक द्राक्षांच्या जाती सांगेल, मातीचा पोत सांगेल. त्याला आपणहून एक प्रश्न विचारा: या वेली छाटल्या कोणी? नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षबागांत पेठ, सुरगाणा अशा डोंगरी तालुक्यांतून आलेल्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या राबतात. छाटणी, काडी बांधणे, शेंडा खुडणे, घड विरळणे ही सारी हाताची कामे. गोडी छाटणीनंतर सर्व डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड नावाचे रसायन लावतात. मजूर त्याला ‘पेस्ट’ म्हणतात. हे रसायन अंगात गेलेल्या माणसाने दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. म्हणून पेस्ट लावणाऱ्याने कामाच्या आधी आणि नंतरही काही दिवस दारूला शिवू नये, अशी सक्त सूचना असते. विचार करा. ज्या वेलीच्या रसासाठी पाहुणे दुरून येतात, त्या वेलीला जागे करणाऱ्या हातांना तोच रस त्या दिवसांत विष आहे.

आजच्या दाखल्यातला मळेवाला दिवसभरात पाच वेळा बाहेर पडतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. कारण दिनार म्हणजे एका कुटुंबाची त्या दिवसाची भाकरी, आणि भाकरी तासांवर मोजता येत नाही. नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभी असलेली माणसे आपणही रोज पाहतो. अकरा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची असतेच. संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो, की मजुराची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचते. नाशिकच्या मजुराविषयी विचारण्याआधी आपल्या वाडीत आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची मजुरी वेळेवर दिली की नाही, तेही आठवावे.

दुपारी कारखाना. द्राक्षे दळली जातात आणि रसातली साखर यीस्ट खाते. त्यातून अल्कोहोल तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच गाळून घेतात. लाल वाइनसाठी तो सालींसकट ठेवतात, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून फिकटच असतो, रंग सालीचा. 2022च्या जानेवारीत राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही, यावर मोठा वाद झाला होता. रसायनशास्त्रात तो वाद नाही. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते आणि ते देशीतल्या अल्कोहोलहून वेगळे नसते. काना येथील लग्नातला द्राक्षारसही चढणारा होता, नाहीतर पाहुण्यांना चढल्यावर हलका द्राक्षारस वाढतात, असे भोजनकारभारी म्हणाला नसता. तेव्हा वाइनला सरबत म्हणून आपण स्वतःला फसवू नये. आणि ती सैतानाची निर्मिती आहे असेही म्हणू नये, कारण माणसाचे अंतःकरण आनंदित करणारा द्राक्षारस ही देवाची देणगी आहे, असे एकशेचारावे स्तोत्र मानते.

संध्याकाळी चव घेण्याचा भाग. हे कसे करतात पाहा. ग्लासात जेमतेम 30 मिलिलिटर ओततात. आधी उजेडात धरून रंग पाहायचा, मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यायचा, मग लहानसा घोट तोंडात घोळवायचा आणि हवे तर समोरच्या भांड्यात थुंकून टाकायचा. ज्यांचा हा व्यवसाय आहे, ते थुंकतातच. मला ही पद्धत विचार करण्यासारखी वाटते. चव घेणारा सावध असतो, त्याचे नाक, जीभ, स्मरण, सारे जागे असते. ढोसणाऱ्याला याच गोष्टी झोपवायच्या असतात. मात्र हिशेबही लक्षात ठेवा. असे पाच ग्लास थुंकल्याशिवाय प्यायलात, तर 150 मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला ग्लास वाइन पोटात गेली. नंतर गाडीचे चाक हाती धरायचे नाही.

“थोडी वाइन हृदयाला चांगली असते, फादर,” असे मला सांगणारे पुष्कळ आहेत. संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, हेही ते दाखवतात. तो सल्ला एका आजारी माणसाला, त्या काळच्या औषधज्ञानाप्रमाणे दिलेला आहे. आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023च्या जानेवारीत स्पष्ट केले. घ्यायचीच असेल तर आनंदासाठी घ्या, औषध म्हणून नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे: द्राक्षारस पिणे सर्वथा निषिद्ध आहे का? ते म्हणतात, वस्तू म्हणून नाही, पण चार प्रसंगी तो निषिद्ध ठरतो. ज्याला तो सहज बाधतो त्याला. ज्याने न पिण्याचा नवस केला आहे त्याला. जो प्रमाण ओलांडतो त्याला. आणि ज्याच्या पिण्याने दुसरा ठेचाळतो त्याला. सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने या चार दारांतून स्वतःला नेऊन पाहावे.

चौथे दार सर्वांत अरुंद आहे. आपल्यात अशी घरे आहेत, जिथे रात्री गेटचा आवाज झाला, की आई पावलांवरून अंदाज घेते. अशी माणसे आहेत, ज्यांनी दारू सोडून काही महिने झाले आहेत आणि जी एकेक दिवस मोजत आहेत. पहिला घोट त्यांच्यासाठी चव नसतो, घसरण असते. अशा भावाला “अरे, वाइनच तर आहे, एक घोट घे” म्हणणे म्हणजे त्याच्या पायाखालची फळी काढून घेणे होय. पवित्र सभेने ही काळजी वेदीपर्यंत नेली आहे. मिस्सासाठी शुद्ध, न बिघडलेला, द्राक्षांचाच द्राक्षारस हवा, असा धर्मनियम आहे. तरीही ज्या धर्मगुरूला दारूचा आजार आहे, त्याला धर्माध्यक्षांच्या परवानगीने ‘मुस्तुम’, म्हणजे आंबणे जेमतेम सुरू होताच थांबवलेला ताजा द्राक्षरस, वापरता येतो. 2003मध्ये रोमहून आलेल्या पत्रकाने हे पुन्हा सांगितले. प्रत्यक्ष वेदीवर दुर्बळासाठी वाट काढली जाते, तर आपल्या सहलीत का काढू नये?

म्हणून माझ्या सूचना अशा. सकाळची मळ्यातील फेरी सर्वांसाठी असू द्या, आजीआजोबा आणि मुलेही येऊ देत. चव घेण्याच्या वेळी न घेणारा गट आधीच ठरवून ठेवा आणि त्यात एकट्या त्या सुटू पाहणाऱ्या भावाला बसवू नका. दोन-चार जबाबदार माणसे, ज्यांना घेता आली असती अशी, त्याच्याबरोबर बाहेर राहोत. त्या वेळात चहा घ्या, गप्पा मारा, चालत एक फेरी आणखी मारा. त्याला तो वास आणि ते ग्लास नकोसे वाटत असतील, तर सहलीचा शेवट दुपारीच करा. ज्या सहलीत आपला एक माणूस हरवतो, ती सहल आपल्याला परवडणारी नाही.

मळ्यात जाणाऱ्या पाहुण्यासाठी एक जुना नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. शेजाऱ्याच्या मळ्यात शिरलास तर मन तृप्त होईपर्यंत द्राक्षे खा, पण आपल्या पात्रात भरून नेऊ नकोस. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मालकालाही बजावले आहे, की गळालेले मणी वेचू नको, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. पाहुण्याला हाव नको आणि मालकाला कंजुषी नको. आजच्या मोजमापाने बोलायचे, तर त्या दिवशी चव घेण्यासाठी जेवढे पैसे द्याल, तेवढेच घरी आल्यावर एखाद्या मजुराच्या मुलाच्या शाळेसाठी बाजूला काढा.

दर रविवारी अर्पणविधीत मी द्राक्षारसाचा प्याला उचलतो, तेव्हा तो वेलीचे फळ आणि माणसाच्या श्रमाचे फळ आहे, असे आपण देवापुढे कबूल करतो. त्या प्याल्यात कात्री धरलेला हात असतो, पेस्ट लावून भाजलेली बोटे असतात, नाक्यावर अकरापर्यंत थांबलेला माणूस असतो. ते सारे प्रभू आपल्या रक्तासारखे मौल्यवान मानतो. पुढचे तीन रविवार मळ्यातून चालताना आपल्याला ते दिसो, आणि आपल्यापैकी कोणीही वाटेत मागे न पडो.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू