सवड आणि मोल

इंदूरहून सवडीने महेश्वरास जावे, नर्मदेच्या घाटावर रेंगाळावे आणि परतण्यापूर्वी सुताची, लुगड्यांची दुकाने पाहावीत, हा आम्हां इकडील मराठी मंडळींच्या आवडीचा बेत. १७६७ नंतर अहिल्याबाईंनी येथे राजधानी नेली व विणकरांस आश्रय दिला. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे आणि काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा, ही येथील मागाची ख्याती.

दुकानात बसलो की आम्ही घासाघीस आरंभितो. ही बाजाराची रीत, तीत पाप कसले, असे आपण म्हणतो. पण तोडलेले रुपये दुकानदार आपल्या नफ्यातून क्वचितच सोडतो. बहुधा ते मागावर बसलेल्याच्या मजुरीतून जातात. ज्या संथपणाच्या ओढीने आम्ही येथवर येतो, त्याचेच मोल आम्हांस जड वाटावे?

मग दया म्हणून अधिक द्यावे काय? तेही नव्हे. दया कारागिरास याचक ठरविते. विणावयास किती दिवस लागले एवढे विचारावे, आणि तितक्या दिवसांचे आपण स्वतः काय घेतो ते आठवून पैसे मोजावेत.