पंचवीस टक्क्यांचं करायचं काय?

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासलं की माणसाला दोन अक्षरं चिकटतात. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे दिवस जाईपर्यंत ती अक्षरं कुणाला आठवत नाहीत. नवराबायको दोघंही वाहक निघाले, की समुपदेशक आकडा सांगतात: बाळ रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के. मग घरात हिशेब मांडला जातो, की पहिलं आजारी निघालं, आता पुढची तिघं सुटली. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात तेच पंचवीस टक्के नव्याने समोर येतात.

वारेच्या पेशी दहाव्या ते तेराव्या आठवड्यात किंवा गर्भजल पंधराव्यानंतर तपासलं, तर बाळ एसएस आहे का ते कळतं. आजार किती छळेल, ते मात्र कळत नाही. एक एसएस मूल दर पावसाळ्यात हाडांच्या वेदनांनी दवाखान्यात पडून असतं, तर दुसरं हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेत कॉलेज पुरं करतं. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय आईबापांना घ्यायचा असतो तो नेमका तपासणी जे सांगत नाही त्यावर. म्हणून ‘डॉक्टर म्हणाले, आम्ही केलं’ हे उत्तर मला पटत नाही. ते देणाऱ्यांना दोषही देववत नाही.

निकेता मेहता या गर्भवतीला 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली, तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती. 2021 च्या दुरुस्तीने ती काही स्त्रियांसाठी चोवीसवर गेली. गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळते. कायदा सैल झाला, हे चांगलंच. पण जिची पहिली नोंदणीच पाचव्या महिन्यात होते तिला ते आठवडे पुरतात का? आधी तिचं रक्त तपासायचं, ती एएस निघाली तर कामाला परगावी गेलेल्या नवऱ्याला बोलवायचं. तो म्हणणार, ‘मला काय धाड भरलीय?’ आजाराचा निम्मा वाटा त्याच्याकडून येतो, पण बोल सगळा हिच्या माथी!

जुलै 2023 मध्ये केंद्राने 2047 पर्यंत सिकलसेलच्या उच्चाटनाची मोहीम सुरू केली. उच्चाटन आजाराचं, की आजारी मुलांच्या जन्माचं, हे गावात पोहोचेपर्यंत धूसर होतं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात आधी महाराष्ट्रानेच केला, 1988 साली. तपासणी कुठल्या वळणाला जाऊ शकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही तपासणी टाळा, असं मी म्हणणार नाही. ती लग्नाआधी, कॉलेजातच व्हावी. दोन वाहकांनी लग्न करू नये, असा दंडक मात्र कुणी घालू नये.

आणि समुपदेशनाच्या खोलीत नवरा हजर हवा. सिकलसेल घेऊन संसार करणारी एखादी बाईही तिथे बोलायला हवी. 2016 च्या कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वात धरलं आहे, प्रमाणपत्र कुठे मिळतं, गोळ्या कुठे मिळतात, हे गर्भपाताच्या मुदतीइतक्याच स्पष्टपणे पोटुशी बाईला सांगा. मग ती काय ठरवेल ते तिच्यावर सोडा.