पहिली पायरी

चाळिशी उलटली की माणसाने नवे काही शिकायला जाऊ नये, असे माझे बरेच दिवस मत होते. शिकवावे, शिकू नये. शिकवणाऱ्याचे एक बरे असते. जे येते तेवढेच तो चारचौघांत मांडतो, आणि जे येत नाही ते टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावतो. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेले नाही. एका लहानशा खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवण्यात आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. एवढ्या काळात माझा तो खण कोणी उघडून पाहिला नाही.

शेवटी तो उघडला माझ्या कमरेने.

दिवसभर फळ्यापुढे उभे राहायचे आणि रात्री निजानीज झाल्यावर वाकून लिहीत बसायचे, हा क्रम त्या बिचारीने निमूटपणे सोसला होता. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी दारात रांगोळी काढायला म्हणून वाकले, ती सरळ होता येईना. डॉक्टरांनी तपासले, मोडतोड काही नाही अशी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "एखादा योगाचा वर्ग लावा. पण हळूहळू, आणि शिकवणाऱ्याच्या देखत."

घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी पहाटे जात्यावर बसलं की झाला योग. पैसे मोजून वाकायला कशाला जायचं?" आमचे हे 'पंचवटी'चे पासधारक, सातच्या सुमारास नाशिक रोडला येणारी गाडी गाठायची, तर साडेसहाला डबा हातात हवा. पण ते उदारपणे म्हणाले, "जा की! भाजी आदल्या रात्री करून ठेवू." या 'ठेवू'त नेमके कोण कोण येते, याचा खुलासा मात्र त्यांनी केला नाही.

तर अशा रीतीने एका कडाक्याच्या थंडीच्या पहाटे मी शाल गुंडाळून निघाले. मुक्तिधामचे संगमरवर अंधारातही पांढरे दिसत होते. 1971 साली हे मंदिर उभे राहिले. त्याच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेले आहेत. त्यांतला सहावा अध्याय योग्याने कसे बसावे हे सांगतो. त्या भिंतींवरून इतकी वर्षे जाता-येता मी कधी त्या बसण्याचा विचार केला नव्हता. मंदिरापासून थोड्या अंतरावर एका इमारतीच्या गच्चीवर आमचा वर्ग होता. दहा-बारा माणसे सतरंज्या पसरून बसली होती आणि त्यांच्यापुढे पाठमोरी उभी असलेली एक तिशीतली मुलगी कोणाचा तरी खांदा सरळ करत होती.

ती वळली, आणि माझ्या पायांतले त्राण गेले.

"बाई, तुम्ही!" ती म्हणाली आणि खाली वाकून तिने मला नमस्कार केला. किती सहज वाकली!

ही मुलगी 2003 साली माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिचे नाव मी येथे देत नाही. तेवढे तरी मी तिला देणे लागते. अक्षर सुरेख, स्वभाव गरीब. पण पाढे म्हटले की तिची जीभ टाळ्याला चिकटे. एके दिवशी एकोणिसाच्या पाढ्यात सत्ते आले आणि ती थांबली. मी तिला बाकावर उभे केले. तेवढ्याने भागले असते तर मी आज लिहायला बसले नसते. मी वर्गाला म्हटले, "बघा रे हिच्याकडे. देवाने डोक्यात भुसा भरून पाठवलंय हिला." वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही थोडी हसले. घंटा होईपर्यंत ती तशीच उभी होती. पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही आणि हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे तीनदा 'गैरहजर' असे लिहिले. त्या हजेरीपटात शिक्षकांसाठी रकाना नसतो.

आता तिच्यापुढे सतरंजी पसरून मला बसायचे होते.

पहिल्या दिवशी पादहस्तासन आले. उभे राहून पुढे वाकायचे आणि हात पायांपाशी न्यायचे. शेजारचे गृहस्थ प्रेसमधून निवृत्त झालेले, सत्तरीच्या घरातले; त्यांचे हात अलगद जमिनीला लागले. माझे हात गुडघ्यांच्या खाली उतरेनात. गंजलेल्या कोयंड्यासारखी मी अर्ध्यात अडकून राहिले. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली: मी वाट पाहू लागले, कोणीतरी हसेल याची. माझे कान तापले. श्वास मी केव्हाच कोंडून धरला होता. ती माझ्याकडे येताना पावलांचा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ज्याला येत नाही तो कोणत्या जागी उभा असतो, हे पंचवीस वर्षे शिकवून मला कळले नव्हते. ते त्या अर्ध्या मिनिटात कळले.

तिने कोपऱ्यातला चौरंग उचलला आणि माझ्या पायांपुढे ठेवला.

"गुडघे थोडे वाकवा, बाई. हात यावर टेका. जमिनीपर्यंत जायचं नाही. जमीनच थोडी वर आणू आपण. आणि श्वास सोडा."

मी श्वास सोडला. डोळ्यांत पाणी कशाचे आले ते मी तेव्हा कमरेवर ढकलले.

त्या रात्री मी पतंजलीची योगसूत्रे अर्थासहित काढून वाचली. कादंबरीकाराला एक खोड असते. दुखले की ते पुस्तकात शोधायचे. मला आश्चर्य वाटले ते असे, की ज्या आसनांसाठी आपण योगवर्गाला जातो, त्यांच्यासाठी पतंजलींनी जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी अवघी तीन खर्ची घातली आहेत. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढीच त्यांची मुख्य मागणी. शिवाय आठ अंगांत आसनाचा क्रमांक तिसरा. त्याच्या आधी यम आणि नियम. आणि यमांत अगदी पहिले नाव आहे अहिंसेचे.

म्हणजे मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय टाकायला गेले होते. पहिली पायरी मी चढलेच नव्हते. इतकेच नव्हे, तर ती चढायची असते हेही मला ठाऊक नव्हते. अहिंसा म्हटले की मला मांसाहार आठवे, गांधीजी आठवत. एकोणिसाचा पाढा कधी आठवला नव्हता.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, बाई, तुम्ही फारच मनाला लावून घेता. शिक्षकाने रागवायचे नाही तर काय करायचे? छडी लागल्याशिवाय विद्या येते का? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो माझाच जुना प्रश्न आहे. आणि योगाच्या इतिहासातही सगळेच गुरू मृदू नव्हते. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले आणि 2014 साली निधन होईपर्यंत पुण्याचेच राहिले. त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी त्यांचे शिष्यच सांगतात. पण ज्याला जमत नाही त्याच्यासाठी पट्टे, दोऱ्या, लाकडी ठोकळे, खुर्च्या ही साधने योगाभ्यासात आणून रुळवली, तीही त्यांनीच. स्वतः लहानपणी रोगट असलेल्या त्या माणसाला न वाकणाऱ्या शरीराचे दुःख माहीत होते. माझा चौरंग हा त्या ठोकळ्यांचाच घरगुती भाऊ.

आमची ही मुलगीही काही कमी कडक नाही. उशिरा आले की गच्चीच्या दाराशी थांबवते. श्वास कोंडलेला दिसला की आसन सोडायला लावते, आणि एकच गोष्ट दहा वेळा करून घेते. पण दहाव्या वेळीही ती 'पुन्हा करा' असेच म्हणते. 'तुम्हाला जमणारच नाही' असे तिच्या तोंडून मी ऐकले नाही. मला वाटते, कडकपणा आणि अपमान यांच्यातली सीमारेषा येथेच कोठेतरी आहे. कडक शिक्षक चुकीवर बोट ठेवतो. अपमान करणारा माणसावर ठेवतो. चूक पुसता येते. भुसा भरलेले डोके मुलीने कोठे नेऊन पुसावे?

आता कायदाही झाला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. कायद्यानंतर माझा हात थांबला, छडी कपाटामागे गेली. पण भुवई उंचावण्याला कोणते कलम लावणार? स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणे लावून तपासला. श्वास मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. बाकावर उभ्या असलेल्या मुलीची लाज मोजायचे यंत्र मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. ती ज्याची त्यालाच मोजावी लागते, आणि तीही बहुधा स्वतःवर पाळी आल्यावर.

आणखी एक कबुली. जागतिक योगदिन 2015 पासून सुरू झाला. तेव्हापासून दर 21 जूनला आमच्या शाळेच्या पटांगणात मुलांकडून आसने करून घेतली जातात, आणि शिट्टी माझ्या गळ्यात असते. "वाका! आणखी वाका! ए शेवटच्या रांगेतल्या, पाठीत काय पहार घातलीय?" हे मी ओरडत असे, स्वतः एकदाही न वाकता.

आपल्याकडे चांगदेवांची कथा घराघरांत माहीत आहे. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेला, वाघावर बसून साप हाती घेणारा हा सिद्धपुरुष. आणि ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना काय घालावा हेच त्याला सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. पुढे त्याने गुरू केले ते मुक्ताबाईला, त्या भावंडांतल्या सर्वांत धाकट्या मुलीला. ज्या निवृत्तिनाथांची समाधी आमच्या नाशिकपासून सुमारे 30 किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी आहे, त्यांची ही धाकटी बहीण. लहानपणी मला त्या कथेतला वाघ आवडे आणि चालणारी भिंत आवडे. आता मला तो कोरा कागद खरा वाटतो. कारण मलाही पंधरा दिवस तिला हाक मारता आली नाही. इतर तिला 'ताई' म्हणत. मला 'ताई' म्हणवेना आणि पूर्वीसारखे नुसते नावही घेववेना. मी हाक न मारताच प्रश्न विचारी.

माघ संपता संपता मी धीर केला. वर्ग आटोपला होता, ती सतरंज्या गुंडाळत होती. मी एक टोक धरले.

"तुला एकोणिसाचा पाढा आठवतो का गं?"

ती थांबली. मग हसली. "आठवतं की, बाई. पाढा नाही, तो दिवस. पाढा अजून येत नाही."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

तिने "असू द्या हो" म्हटले असते तर मला फार हलके वाटले असते. तसे ती म्हणाली नाही. सतरंजीची घडी नीट करत म्हणाली, "वर्गात कोणी नवं आलं ना, की मी त्याला पहिल्या दिवशी पुढच्या रांगेत उभं करत नाही. सगळे बघतात मग." आणि खाली निघून गेली.

मी त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला आहे. तिने मला क्षमा केली का? मला माहीत नाही, आणि तिला पुन्हा विचारण्याचा मला अधिकार नाही. मी दिलेल्या दुःखातून तिने काही चांगले घडवले, हे श्रेय तिचे. त्यावर माझे दुःख देणे योग्य ठरत नाही. तिच्याजागी दुसरी एखादी असती तर ती शाळाच सोडून गेली असती. अशा काहीजणी गेल्याही असतील. त्यांच्या गच्चीवर जाऊन सतरंजी पसरायची संधी मला मिळायची नाही.

या जूनमध्ये माझ्याकडे पुन्हा चौथीचा वर्ग आला. एक मुलगा साताच्या पाढ्यात अडकतो. मी त्याला बाकाजवळ बोलावून चिंचोके दिले. सात-सातांच्या ओळी लावून तो पाढा म्हणतो. वेळ लागतो. बाकीची मुले चुळबुळ करतात, आणि माझी जुनी जीभ कधी कधी टाळ्यापर्यंत येते. तेव्हा मी श्वास सोडते. मुलाचे अजून सहाच्या पुढे अडते. पण तो रोज शाळेत येतो.

माझी कमर आता पुष्कळ बरी आहे. श्रावणात चौरंग जाऊन पाट आला. नवरात्रात पाटही गेला आणि त्याच्या जागी तिने एक जाडजूड पुस्तक ठेवले. बघते तो माझीच कादंबरी! छापल्यापासून ती कोणाच्या एवढी उपयोगी पडली असेल असे मला वाटत नाही.

परवा बोटे पुस्तकावर सहज टेकली. ती जवळ येऊन म्हणाली, "बाई, काढू का आता पुस्तक?"

"राहू दे गं ताई," मी म्हणाले, "अजून थोडे दिवस राहू दे."