शिबीचा ससाणा

अतिथी आणि शरणागत या दोघांना आपण एकाच पंक्तीला बसवतो. परंतु शास्त्राने त्यांची पाने निराळी मांडली आहेत. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, आणि स्मृतीने त्याला एका रात्रीचाच मान दिला आहे. शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यात मेडशी, शिरपूर, रिसोड अशी येते, त्या दिवशी गावात चुली विझत नाहीत. आनंदच आहे तो. पण सकाळी टाळ वाजला की दिंडी पुढे निघते, आणि प्रत्येक वारकऱ्याचे घर, वावर, गोठा मागे जागच्या जागी असतो. ज्याचे घर लढाईने जाळले, त्याने सकाळी उठून कुठे जावे? त्याला एक वेळ जेवू घातले म्हणजे आपण मोकळे झालो काय?

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट घ्या. १९४० साली रशियाने पोलंडच्या पूर्व भागातली माणसे घरादारांतून उठवून सैबेरियाकडे नेली. त्यांतली काही पुढे इराणमार्गे सुटली, आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांची वसाहत झाली. सुमारे पाच हजार जीव. त्यांत बायका आणि लेकरेच फार. ना भाषा आपली, ना धर्म, ना हवा. तरी तेथे त्यांच्या भाषेतल्या शाळा चालल्या, त्यांचे चर्च उभे राहिले. १९४८ पर्यंत ती माणसे पांगली. मग त्याच बराकींत कोण आले? फाळणीने सिंध सोडावे लागलेले सिंधी. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. बराक तीच, दुःख निराळ्या मुलखाचे.

आता पूर्वपक्ष ऐकू. कीर्तन संपले की आमचे शेतकरी स्पष्ट विचारतात, "महाराज, आमच्याच वावरात यंदा काही पिकलं नाही, मंग परमुलखातल्यांले काहून पोसावं?" या प्रश्नाला निर्दय म्हणून झटकून टाकणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. आम्हाला तो निर्दय वाटत नाही. हा प्रश्न महाभारताइतका जुना आहे.

शिबी राजाच्या मांडीवर कबुतर येऊन पडले, ही कथा लहान पोरालाही ठाऊक. पण कथेकरी सारा रंग कबुतरावर उधळतात आणि ससाण्याला दुष्ट करून सोडतात. मूळ कथेत ससाणा भांडतो तो धर्माच्याच भाषेत. राजा, याला वाचवलेस खरे, पण हे माझे अन्न; मी मेलो तर माझी बायकापोरे मरतील, तो कोणता धर्म? शिबी त्याला गप्प बस म्हणत नाही. त्याचे म्हणणे मान्य करतो आणि तराजू मागवतो. पुढे पारड्यात पडते ते प्रजेचे धान्य नव्हे, शेजाऱ्याची गाय नव्हे. राजाचे स्वतःचे मांस. ते पुरेना, तेव्हा तो स्वतःच पारड्यात बसतो.

येथे खरी मेख आहे. आश्रय द्यायचा की नाही, हा वाद शिबीने घातलाच नाही. तो देणे त्याला भागच होते. मोल कोणी भरायचे, एवढाच प्रश्न त्याने सोडवला. आपल्याकडे नेमके उलट घडते. आश्रय दिल्याचे पुण्य राजधानीच्या नावावर, आणि मांस कापले जाते कुठल्यातरी गरिबाचे. पूर्व बंगालमधून निघालेली कुटुंबे साठ-सत्तरच्या दशकांत गडचिरोलीकडे, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या रानात वसवली गेली. त्यांना जमीन हवीच होती, त्यात काही गैर नाही. पण ते रान पिढ्यान्‌पिढ्या गोंडांच्या वहिवाटीचे. तेथला ससाणा कोणी विचारात घेतला? मग दोन गरीब एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात, आणि तराजू धरणारा लांबच राहतो.

म्हणून त्या शेतकऱ्याला आमचे सांगणे असे: बापा, तुझा हक्क खरा आहे, तो जरूर माग. पण माग तो राजाजवळ. कबुतराच्या मानेवर पाय देऊन नको.

दुसरे एक सांगावयाचे ते शब्दाबद्दल. फाळणीनंतर आलेल्या पुष्कळ लोकांना शरणार्थी म्हटलेले खपत नसे. आम्ही पुरुषार्थी, असे ते बजावीत. व्याकरणाने पाहता दोन्ही शब्दांत 'अर्थी' आहेच, मागणे दोघांनाही आहे. पण एक आसरा मागतो, दुसरा काम मागतो. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ते शहर पुढे दानावर वाढले नाही, धंद्यावर वाढले.

आमच्या विदर्भातच पाहा. १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून आले, त्यांच्यामागून हजारो आले. त्यांतल्या काहींची वसाहत १९७२ पासून गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाजवळ आहे. हिवाळा लागला की तिबेटी बायका शहराशहरांत स्वेटर मांडून बसतात. आमचे माळकरीही तेथे जातात आणि वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. बाईही मराठीत ऐकवते, भाव सोडत नाही. भिकाऱ्याशी अशी घासाघीस कोणी करीत नाही.