दिव्याची कळ आणि वस्तूचें सत्त्व

जीर्ण वस्तु जशीच्या तशी जपावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न वरवर पाहतां रुचीचा वाटतो. परंतु थोडें खोल गेलें म्हणजे तो नीतीचा आहे असें दिसून येतें. मंदिरांचे व राजवाड्यांचे दाखले घेऊन त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही येथें मुद्दाम एक क्षुद्र उदाहरण घेतों. कारण तत्त्वाची कसोटी पुष्कळदां क्षुद्र वस्तूंतच लागते.

इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत एम्. जी. बी. नांवाची स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. अशा पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, व त्यांतील कित्येक हौशी लोकांनीं आजहि जिवापाड जपल्या आहेत. या गाडीच्या पुढच्या दिव्यांचा सर्व विद्युत्प्रवाह चालकाच्या हाताशीं असलेल्या एका लहानशा कळींतून जातो. साठ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर लागले म्हणजे तो प्रवाह दहा अँपिअर भरतो. कळ फिरतांना आंत बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनीं धातूचीं टोकें करपतात आणि प्रवाहाला अडथळा होऊं लागतो. तो अडथळा एक दशांश ओहम एवढाच झाला, तरी एक व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. दहा वॅट उष्णता त्या चिमुकल्या कळींत कोंडते. आणि दिव्यांचा उजेड सुमारें पाव हिश्शानें मंदावतो. पुढें एखाद्या रात्रीं भर रस्त्यांत दिवे अजिबात विझतात.

मग कळ बदलावी, हें सांगावयास तत्त्वज्ञ कशाला हवा? पण जुन्या गाडीच्या भक्ताला ही गोष्ट इतकी सोपी वाटत नाहीं. आज कळ गेली, उद्यां तारा जातील, परवां पत्रा जाईल. मग जी गाडी उरेल ती तीच म्हणावयाची काय?

ही शंका फार जुनी आहे. अथेन्सच्या लोकांनीं थीसिअसचें जहाज जतन करतांना कुजलेल्या फळ्या बदलीत नेल्या, तेव्हां तें जहाज तेंच राहिलें कीं नाहीं यावर तत्त्वज्ञांत वाद माजला, असें प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे नागसेन भिक्षूनें मिलिंद राजाला दाखवून दिलें कीं, चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. रथ हें त्या सर्वांच्या मेळाला दिलेलें नांव होय. १९९० सालीं हाच वाद इंग्लंडच्या न्यायालयांत आला. १९२९ व १९३० या दोन्ही सालीं ल मां येथील शर्यत जिंकणाऱ्या बेंटली गाडीच्या विक्रीवरून तंटा झाला. तिच्यांत मूळचे भाग फारच थोडे उरले होते. न्यायाधीशांनीं भागांची नुसती मोजदाद केली नाहीं. गाडीचा इतिहास अखंड आहे काय, हें पाहिलें, आणि ती तीच गाडी होय असा निर्णय दिला.

तेव्हां एका कळीनें गाडीचें सत्त्व जात नाहीं. पण भक्ताची दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, 'जुनी कळ हा पुरावा आहे. कारागिरांनीं काय योजिलें आणि मागच्या मालकांच्या बोटांनीं ती कशी झिजली, हें तिच्यावर लिहिलेलें आहे. तो लेख एकदां पुसला म्हणजे पुन्हां उमटत नाहीं.' हें म्हणणें खरें आहे, व तें हंसण्यावारी नेणें हा अडाणीपणा होईल.

परंतु या विचारांत एका मनुष्याचा विसर पडतो. काळोख्या रस्त्यानें पायीं चाललेल्या वाटसरूनें तुमच्या इतिहासप्रेमाला संमति दिलेली नाहीं. आपल्या भक्तीची किंमत आपण मोजावी; ती परक्याच्या जिवावर लादण्याचा अधिकार कोणत्याहि भक्तीला नाहीं. गाडी संग्रहालयांत उभी राहणार असेल, तर मोडकी कळ तिचें भूषण ठरेल. तीच गाडी रात्रीं रस्त्यावर आली कीं दिवे लागलेच पाहिजेत.

कर्तव्य असें ठरल्यावर तें पार पाडण्याची रीतहि ठरते. टोकें घांसून कळ सुधारत असेल तर ती राखावी, आणि जोडीला रिले बसवावा. मग मोठा प्रवाह रिलेमधून जातो, व कळीवर अँपिअरच्या अल्प अंशाचाच भार राहतो. ती सुधारण्यापलीकडे गेली असेल तर नवी बसवावी. मात्र जुनी चिठी बांधून जपून ठेवावी, आणि काय बदललें तें गाडीच्या वहींत नोंदवावें. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिच्यांतहि असें सांगितलें आहे कीं, नवा भाग जुन्याशीं सुसंगत असावा, पण तो मूळचा नव्हे हें ओळखूं यावें. बदल हें पाप नव्हे. बदल दडवून गाडी 'अस्सल' म्हणून विकणें हें पाप होय.

निष्ठा वस्तूच्या देहाशीं असावी कीं तिच्या हेतूशीं, असा प्रश्न आला म्हणजे आम्ही हेतूकडे झुकतों. ज्या हातांनीं ती कळ प्रथम बसविली, त्यांना तिच्या जुनेपणाची आराधना अभिप्रेत नव्हती. अंधारांत पुढची वाट दिसावी, एवढेंच अभिप्रेत होतें.