त्याच्या नावाचा कागद

शाळेत मुलाच्या नावावर बरेच कागद असतात. दाखल्याचा, हजेरीचा, गुणपत्रकाचा. अलीकडं काही मुलांच्या नावानं आणखी एक कागद तयार होतो, त्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा सांगितलेलं लवकर उमगत नाही, त्याच्यासाठी हा वेगळा कागद. आज त्याला काय येतं, वर्षाअखेर काय यावं, त्यासाठी कोणी काय करायचं आणि कधी तपासायचं, असे त्यात रकाने. वरवर बघितलं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. पण एका माणसानं दुसऱ्या माणसाचं पुढचं आयुष्य लिहून काढायचं, ही साधी गोष्ट नव्हे. आणि ज्याचं आयुष्य त्याला नीट बोलताच येत नसेल, तर मग तर नव्हेच.

हा कागद माझ्यापर्यंत आला तो चुलतभावाच्या नातवामुळं. आमच्या भावकीतली शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली. वाडीवर कागद वाचायला उरलो मी, जुना दहावी पास. पीकविम्याचा असो, बँकेचा असो, कागद आला की माझ्या ओसरीवर येतो. तसा हाही आला.

पोरगं दहा वर्षांचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत बसतं. दवाखान्याच्या दाखल्यावर ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलंय. बोलतं, पण दोन-दोन शब्दांत. आमच्या लहानपणी अशा पोराला सरळ ‘येडं’ म्हणायचे आणि विषय संपायचा. मग मतिमंद म्हणायला लागले, मग अपंग, आता दिव्यांग. शाळेच्या भिंतीला रंग दिला गेला नसेल तेवढ्या वेळा या पोरांची नावं बदलली. नाव बदलल्यानं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. ज्यांना कालपर्यंत नुसतं आळशी आणि ठोंब्या म्हणून छड्या बसायच्या, त्यातली कितीतरी पोरं या एकवीसात मोजली गेली. शाळेनं अशा प्रत्येक मुलाची प्रगती बघायची, लागेल तशी त्याच्यापुरती मदत द्यायची, हेही त्या कायद्यात आहे.

तर त्या कागदावर काय होतं? ‘एक ते पन्नास अंक ओळखेल. स्वतःचं नाव लिहील. तीन शब्दांचं वाक्य बोलेल. अर्धा तास एका जागी बसेल.’ आणि त्याच्या आधीच्या रकान्यात ‘आजची स्थिती’. तिथं मात्र सगळं ‘येत नाही, येत नाही, येत नाही’. खाली पालकाची सही. ती पोराच्या बापानं चालू ट्रॅक्टरवर बसून केलेली. वाचलं का, असं विचारलं तर म्हणाला, “शाळेचा कागद हाय तात्या, चुकीचा कशाला आसंल?”

मला ते वाचून माती परीक्षणाच्या कार्डाची आठवण झाली. त्या कार्डावर बारा गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, लोह, बोरॉनपर्यंत, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. काय कमी, काय जास्त ते कळतं. कामाचा कागद आहे. मी माझ्या डाळिंबाला खत घालायच्या आधी बघतो. पण रानात काय पेरायचं, हे कार्ड मालकाला विचारल्याशिवाय ठरवत नाही. खताची शिफारस द्यायच्या आधी ते विचारतं, पीक कोणतं? पोराच्या कागदावर हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. उणं किती ते मोजलं होतं आणि ते भरून काढायचं ठरवलं होतं. कशासाठी भरायचं, ते कुठंच नाही. अर्थात पोर म्हणजे रान नव्हे. रानाला मालक असतो. पोराला आई-बाप असतात, आज्जा असतो, पण मालक कोणी नसतो. तिथं माझा हा दाखला लंगडा पडतो, हे मला कबूल आहे.

यात विशेष शिक्षिकाबाईंना दोष द्यायची माझी इच्छा नाही. एका बाईकडं तालुक्यातल्या कितीतरी शाळा. स्कुटीवरून फिरायचं, प्रत्येक शाळेत दोन-तीन मुलं, प्रत्येकाचा आराखडा. ऊन असं की आमच्या सांगोल्याकडं एप्रिलात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. एवढ्यात एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला डकवलं जातं, हे कुणालाही समजण्यासारखं आहे. पण मी शाळेत जाऊन बोललो तेव्हा बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, ही पद्धत मुळात अमेरिकेतली. तिथं १९७५ साली कायदा झाला, त्यात आराखडा लिहिताना आई-वडील बसलेच पाहिजेत असं आहे. मूल सोळा वर्षांचं झालं की पुढच्या आयुष्याचं ठरवताना त्यालाही बोलवावं लागतं. आपल्याकडं बोलावलं तरी कुणी येत नाही.” हे खरं होतं. सुगी सोडून शाळेत बसायला कोण जातंय? मग एका संध्याकाळी बाईच घरी आल्या.

त्यांनी एकच विचारलं. या मुलाला काय आलं पाहिजे, असं तुम्हाला वाटतं? चहा निवून गेला तरी कोणी बोलेना. दहा वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात विचारलं होतं ते काय येत नाही एवढंच.

आधी पोराचा आज्जा, म्हणजे आमचे दादा, बोलले. “बाई, त्याला शेळ्या राखता येत्यात. एखादी मागं ऱ्हायली तर न मोजता वळाखतंय. बास की. शिकून काय कलेक्टर व्हायचंय?” बाप म्हणाला, “नाव लिवता यावं. बँकेत अंगठा नगं.” मग आई. ती पदर सावरत माझ्याकडं बघून बोलली, कारण परक्या बाईशी बोलायची तिला सवय नाही. “मामंजी, मागं त्याला रातभर दुखत हुतं. कुठं दुखतंय ते सांगाय येईना. नुसतं रडायचं. मी डोकं चेपत बसले आन दुखत हुतं पोट. त्याला तेवढं सांगता यावं.”

कागदावर ‘तीन शब्दांचं वाक्य बोलेल’ असं होतंच. बाईंनी ते खोडलं नाही. त्याच्यापुढं लिहिलं, ‘माझं पोट दुखतंय, माझा पाय दुखतोय, असं बोट ठेवून सांगेल.’ शब्द तीनच. पण आता ते वाक्य कशाला लागतं ते समजलं.

दादांच्या बोलण्यावर मात्र मी पुष्कळ विचार केला. ते प्रेमानं बोलले, आणि पोराला काय येतं हे सांगणारे सगळ्यात पहिले तेच. शेळीच्या आवाजावरून शेळी ओळखणं ही बुद्धी नव्हे असं कोण म्हणेल? ती ‘आजची स्थिती’त यायलाच हवी. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. पण ती शाळा कुरणात गेली ती शिकवायला. पोरांना गुरं राखता येतात, आता शिकवायचं काही उरलं नाही, असं म्हणायला गेली नाही. दादांच्या ‘बास की’मध्ये मला ते दुसरं ऐकू येत होतं. जे येतं तिथून सुरुवात करणं निराळं आणि तिथंच दाव्याला बांधून ठेवणं निराळं. धडधाकट पोराला आपण असं म्हणत नाही. त्याला बैल हाकता आला म्हणून शाळा सोड म्हणणारा बाप आता आमच्या वाडीत राहिला नाही. मग याच्याच बाबतीत आपली भूक एवढ्यावर का भागते? कधी कधी आपण ज्याला माया म्हणतो, त्यात आपली सोयही मिसळलेली असते. शेळ्या राखायला माणूस मिळत नाही, हे काय मला माहीत नाही?

आणि दुसरी गोष्ट. शेळ्या आज दादांच्या आहेत. उद्या दादा नसतील, परवा आई-बाप नसतील. असं मूल असलेल्या प्रत्येक घरात हा विचार रात्री येतो आणि सकाळी कोणी बोलत नाही. बाजारात शेळी विकायला गेला आणि व्यापाऱ्यानं पाचशेच्या नोटांत शंभरच्या घातल्या, तर याला कळलं पाहिजे. पन्नासपर्यंत अंक येऊन ते भागणार नाही. नोटा ओळखता आल्या पाहिजेत, ‘नाही, देत नाही’ म्हणता आलं पाहिजे. हे ‘नाही’ म्हणणं तर आपण अशा पोरांना कधी शिकवतच नाही. उलट ‘गुणाचं हाय, सांगंल ते ऐकतंय’ म्हणून कौतुक करतो. सगळ्यांचंच ऐकणारं माणूस कुणाच्या हाती लागेल, याचा नेम नाही.

सगळ्यांचं सांगून झाल्यावर बाईंनी पोराला जवळ घेतलं. “तुला काय शिकायचंय रे?” पोरगं हसलं. आज्ज्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. आईनं शिकवल्यासारखं हळूच म्हटलं, “सांग, नाव लिवायचंय.” ते काही म्हणालं नाही. मग हात वर करून दोरी ओढल्यासारखं केलं आणि म्हणालं, “यष्टी. येकटा.”

दादा हसले, पण लगेच गप्प झाले. फाट्यावरून तालुक्याला जाणारी एसटी ते रोज शेळ्यांमागून बघतं. सवलतीचं कार्ड निघालं तर तिकिटाला पाऊण सूट मिळते, हेही घरात बोलणं झालेलं. एकटं मात्र त्याला फाट्यापर्यंतही कोणी सोडलेलं नाही.

बाईंनी कागद उलटा केला आणि मागं लिहायला लागल्या. पाटी वाचणं म्हणजे निदान ‘सांगोला’ हा एक शब्द डोळ्यांनी ओळखणं. कंडक्टरला गावाचं नाव सांगणं. पैसे देऊन उरलेले घेणं. हरवलो तर घरचा फोन नंबर दाखवणं. आधी बाप शेजारी बसेल, मग मागच्या सीटवर बसेल, मग फाट्यावर थांबेल. मी बघत होतो, त्यात अंक आले, अक्षरं आली, बोलणं आलं, आणि अर्धा तास एका जागी बसणंही आलं.

“हरवलं म्हंजे?” दादांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “हरवू शकतो, आजोबा. नाही हरवणार असं मी लिहून देऊ शकत नाही.”

त्यावर आमच्यात बराच वाद झाला. मी म्हणालो, आपणही पहिल्यांदा पंढरपूरच्या वारीत हरवलो होतो आणि सापडलो. दादा म्हणाले, तुला बोलता येत हुतं. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जपायचं म्हणून कोंडायचं की सोडायचं म्हणून धोका घ्यायचा, यातलं कुठलं पाप कमी, हे दुसऱ्याच्या पोराबद्दल ठरवणं मला जमत नाही. पण ज्याचा तो कागद, त्यानं त्यात एकच गोष्ट मागितली होती. तीच गाळून बाकीचं सगळं लिहायचं, हेही मला पटेना.

बापानं सही केली, या वेळी कागद मांडीवर ठेवून. आईनं केली. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं ठरलंय. दादा म्हणतात, नोटांचं शिकवा, दुखण्याचं शिकवा, मागच्या पानाचं नंतर बघू. पोरगं तेवढ्यात मागल्या पानावरचं ‘सांगोला’ बोटानं गिरवायला लागलंय.